‘असेल’ नव्हे, ‘आहे’

प्रश्न असा आहे: एखादा माणूस हजारो मैलांवर संगणकापुढे बसला आहे, आपण बसलो आहोत हे त्याने मुद्दाम लपवले आहे, आणि चेन्नईतल्या एका स्वयंपाकघरात सांबारासाठी भोपळा चिरणाऱ्या बाईला ते अचूक कळते. हे शक्य आहे काय? असल्यास कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो. ते मिळाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे शेवटी वाचकाची निराशा व्हायला नको.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. तांबरमच्या एका शाळेत अकरावी-बारावीला शिकवतो. मूळचा सांगलीचा, पण नोकरीची बहुतेक वर्षे इथेच गेली. या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि, स्पष्टच लिहितो, आजवर हसून बाजूला ठेवत आलो. साक्षीदार कोण, प्रयोग पुन्हा करून पाहिला का, दुसरे काही कारण संभवते का... एवढे विचारले की बहुतेक भुते पळून जातात, असे मी वर्गात सांगत असे. आता हेच प्रश्न स्वतःच्या घराला विचारून झाले आहेत, आणि लिहिताना मान वर होत नाही. त्याचे कारण अमानवीय काही नाही. ते पुरते मानवीय आहे.

घटना दोन हजार आठ साल संपतानाची. घर नुंगंबाक्कमला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगे. घरात मी आणि पत्नी वत्सला. ती तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. तिचे माहेर कित्येक पिढ्या तमिळ मुलखात, त्यामुळे तिच्या मराठीत जुनी रूपे आणि तमिळ शब्द सुखाने एकत्र नांदतात. ‘तिकडे’ला ती ‘तेकडे’ म्हणते, ‘पुरे’ला ‘पोदुम्’. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी तिची वाक्ये दुरुस्त करण्याची माझी खोड गेली नव्हती. एकुलता एक मुलगा निरंजन, वत्सलाचा नीरू, नोकरीसाठी अमेरिकेत होता. तिथले घड्याळ आमच्या साडेअकरा तास मागे चालत होते; म्हणजे आमची दुपार ही त्याची ऐन झोपेची वेळ. हे ध्यानात ठेवावे.

ज्यांनी त्या काळातले चॅट वापरले नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. पडद्यावर ओळखीच्या माणसांची नावे असत आणि प्रत्येक नावापुढे एक लहानसा गोल चेहरा. माणूस आपल्या संगणकापुढे असला की चेहरा पिवळा, नसला की करडा. पण आणखी एक सोय होती, ‘इन्व्हिजिबल’. ती निवडली की तुम्ही आत असता, सगळ्यांना पाहत असता, आणि इतरांना मात्र तुमचा चेहरा करडाच दिसतो.

मी नोकरीसाठी घर सोडले तेव्हा माझे पत्र लांबले तर आई पोस्टाला नावे ठेवायची. मुलाच्या गप्प राहण्याला तेव्हा एक सबब होती. आता ती सबब गेली आणि गप्प राहण्याला रंग आला. तो रंग घरातल्या टेबलावर दिवसभर आपल्याकडे बघत असतो. यंत्राने माणसाच्या मनाचे काय केले, असा प्रश्न मला कोणी परीक्षेत विचारला तर मी एवढेच उत्तर लिहीन.

गणपतीनंतर कधीतरी निरंजनचा चेहरा करडा झाला आणि तसाच राहिला. रविवारी फोन येई. “काम आहे अप्पा, भयंकर बिझी... नंतर बोलतो.” आईने काही विचारायच्या आत फोन बंद.

मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला देवधर वहिनींनी वत्सलाला गाठले. त्यांचा राहुलही अमेरिकेतच.

“काय म्हणतो निरंजन? दिसतो की नाही कॅमेऱ्यावर? आमच्याकडे म्हणजे अगदी कहर! राहुल दात घासतानासुद्धा कॅमेरा चालू ठेवतो. मी म्हटलं, अरे बाबा, निदान चूळ तरी आत जाऊन भर!”

सगळे हसले. वत्सलाही हसली. मी म्हणालो, “आमचा मजेत आहे. रोज बोलणं होतं.” हे मी इतक्या सहज म्हणालो की वत्सलाने माझ्याकडे वळून पाहिले.

त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा म्हणाली. मी शाळेतून आलो होतो, ती स्वयंपाकघरात होती, संगणक दुसऱ्या खोलीत.

“नीरू आला आहे.”

मी जाऊन पडदा पाहिला. करडा.

“नाही आलेला.”

“आला आहे. बसला आहे. बोलत नाही, इतकंच.”

“वत्सला, जे दिसत नाही त्याला ‘आहे’ म्हणू नये. ‘असेल’ म्हण. ‘आहे’ला पुरावा लागतो.”

“तुमची शाळा तांबरमला ठेवून या,” ती म्हणाली. “तो आहे.”

मग हे वरचेवर होऊ लागले. कपडे वाळत घालताना, चटणी वाटताना ती मध्येच थांबे. “आला.” काही वेळाने, “गेला.” ती पडद्यापुढे बसून असती तर मी त्याला वेड्या आशेचे नाव दिले असते. पण तिने पडद्याकडे बघणेच सोडले होते. तो करडा चेहरा खोटे बोलतो, असे तिचे म्हणणे. एकदा दुपारी मी चिडून म्हणालो, “अगं, तिथे पहाटेचे तीन वाजलेत! तो झोपलेला असेल.”

“हां, हे तुमचं ‘असेल’,” ती शांतपणे म्हणाली. “माझा नीरू जागा आहे.”

शेजारणीसमोरही ती असे बोलू लागली, तेव्हा मी घाबरलो. नुंगंबाक्कममध्येच एक मनोविकारतज्ज्ञ बाई होत्या. मंडळात कोणाला कळू नये म्हणून मी शनिवारची दुपार निवडली आणि वत्सलाला सांगितले, “झोप लागत नाही ना तुला, त्यासाठी जाऊ.” ती साडी बदलून आली. तिला सगळे समजले होते, असे मला आता वाटते.

डॉक्टर तमिळमध्ये बोलत होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी तिला विचारले, “आत्ता या क्षणी आहे का तो तिथे?”

वत्सला क्षणभर थांबली. “इरुक्कान,” ती म्हणाली. म्हणजे, आहे.

“इरुप्पान,” मी मध्येच म्हणालो. म्हणजे, असेल.

माझे तमिळ बेताचे आहे. बाजारापुरते. पण क्रियापद दुरुस्त करण्यापुरते ते मला त्या खोलीत बरोबर आठवले! डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “सार, त्यांना बोलू द्या.” मग जरा थांबून इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही सायन्स शिकवता ना? तो खरोखर तिथे आहे की नाही, हे तुम्ही तपासलंत का?”

मी तपासले नव्हते. ते मला सुचलेही नव्हते. बायको सांगते आहे ते खरे असू शकते, ही शक्यता मी मांडलीच नव्हती.

त्यांनी फोड करून सांगितले. तो तिथे नसेल, तर हा भास आहे आणि औषध सुरू करावे लागेल. तो तिथे असेल, तर आजारी कोण आहे याचा विचार पुन्हा करावा लागेल. “दोन आठवड्यांनी या,” त्या म्हणाल्या, “तोवर बघून ठेवा.”

कसे बघायचे, हे शाळेतल्या कॉम्प्युटरच्या शिक्षिका सेल्वी मॅडमनी सांगितले. त्या काळी काही वेबसाइट अशा होत्या की तिथे एखाद्याचा चॅटचा आयडी टाकला की तो खरोखर बाहेर आहे की लपून बसला आहे, ते कळे. मी आडवळणाने विचारले होते, पण सेल्वी मॅडम हुशार.

“कोणाला पकडायचंय सार? स्टुडंट आ? गर्लफ्रेंड आ?”

“मुलगा,” मी म्हणालो.

त्यांचे हसू मावळले. मग मला बरे वाटावे म्हणून त्या म्हणाल्या, “डोन्ट वरी सार. माय ब्रदर ऑल्सो सेम. ऑल सन्स आर इन्व्हिजिबल ओन्ली.”

प्रयोगाची रचना अशी केली. आधी साइट विश्वासार्ह आहे का, ते मी स्वतःचा आणि मॅडमचा आयडी लपवून आणि बंद करून पाहिले. ती बरोबर सांगत होती. मग घरच्या संगणकाची तार काढून तो कपाटात ठेवला, म्हणजे यंत्राकडून वत्सलाला कोणतीही खूण मिळायला नको. तिला सांगितले, “तुला वाटलं की माझ्या मोबाइलवर फोन कर.” मी मोकळ्या तासाला तांबरमच्या लॅबमध्ये बसे. ती नुंगंबाक्कमला घरी. मध्ये अख्खी उपनगरी रेल्वे.

पहिल्या दिवशी फोन वाजला. मागे कुकरची शिटी ऐकू येत होती.

“आला.”

मी आयडी टाकला. साइटने उत्तर दिले. तो आत होता. लपलेला.

मला आनंद व्हायला हवा होता. बायको शहाणी ठरली होती. पण पहिला विचार मनात आला तो हा, की मंडळात हे कसे सांगायचे.

योगायोग वगळायचा म्हणून पुढे मीच तिला अवेळी फोन करू लागलो. “आहे का?” “नाही.” साइट म्हणे, नाही. “आता?” “नाही हो, चहा टाकू दे मला.” नाही. आणि मग तासाभराने तिचाच फोन येई. “बघा आता.” आहे. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपेपर्यंत हे चालले. ती एकदाही चुकली नाही. निरंजनच्या येण्याजाण्याला ठराविक वेळही नव्हती. तो कधीही येत होता, कधीही जात होता. आमच्या दुपारी, त्याच्या भल्या पहाटे.

पुढचे लिहायचे धैर्य गोळा करायलाच मी इतकी पाने घालवली.

निकाल माझ्या हाती होता आणि मी तो घरी सांगितला नाही. वत्सलाने विचारले तेव्हा म्हणालो, “साइट नीट चालत नाही.” कारण हिशेब मी मनात मांडला होता. बायकोला मानसिक आजार आहे, हे झाकता येते. ‘बीपी आहे’ म्हणायचे, गोळ्या चालू आहेत म्हणायचे. लोक सहानुभूती दाखवतात, डबा आणून देतात. पण एकुलता एक मुलगा दिवसचे दिवस समोर बसलेला असतो आणि आईबापांपासून तोंड लपवतो, हे कोणत्या शब्दांत झाकणार? आम्ही त्याला नकोसे झालो, असाच अर्थ मी लावला होता. आणि या दोन उत्तरांपैकी मला कोणते हवे होते, तर वत्सला आजारी असल्याचे. समोर पुरावा उलटा असताना मी आजाराची आशा धरून होतो. विद्यार्थ्याने असा निष्कर्ष लिहिला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

ठरलेल्या शनिवारी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत बाकावर पाचसहा माणसे. डॉक्टरांना काय सांगायचे, हे माझे ठरले होते, म्हणजे काहीच न सांगता औषध लिहून घ्यायचे. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. वत्सला पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. एकाएकी ती उठली.

“अहो, फोन लावा.”

“कोणाला?”

“नीरूला. तो आहे, पण नीट नाही आज. लावा फोन.”

“खाली बस. लोक बघतायत.”

“बघू देत!” तिचा आवाज चढला. “तेकडे कोणीतरी जायला पाहिजे. आत्ता. लावा म्हणते ना!”

काउंटरवरची मुलगी उभी राहिली. बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. या जागेत असे आवाज त्यांच्या सवयीचे असावेत. माझे कान तापले. मी खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला... कशासाठी, तर ती गप्प बसावी म्हणून. माझा तिच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, हे इथे नोंदवले पाहिजे. एवढा प्रयोग करूनही बसला नव्हता.

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

“झोपलाय तो,” मी म्हणालो.

“पुन्हा लावा.”

पुन्हा तेच. मी मोबाइल खिशात ठेवू लागलो तर तिने माझे मनगट धरले. आमच्या संसारात चारचौघांत तिने मला कधी असे धरले नव्हते. मी पुन्हा लावला.

या वेळी तो उचलला गेला. पलीकडे कोणी बोलत नव्हते, फक्त श्वास ऐकू येत होता. मी “निरंजन?” असेही म्हटले नव्हते. त्याआधीच त्याचा आवाज आला, बसलेला, अनोळखी.

“अप्पा... तुम्हाला कसं कळलं?”

मी फोन वत्सलाच्या हातात दिला. तिने काय झाले, कसे झाले, काही विचारले नाही. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, “जेवलास का, कण्णा?”

पलीकडून तो रडत असल्याचे मला इथे, हातभर अंतरावर ऐकू येत होते. ती बराच वेळ “सेरी... सेरी...” एवढेच म्हणत राहिली. बरं, बरं. मग तिने त्याच्या शेजारी राहणाऱ्या मित्राचे नाव घेतले. “त्याचं दार वाजव जा. फोन हातातच ठेवून जा. मी आहे.”

तो फोन लागण्याआधी निरंजन काय करायला बसला होता, ते त्याने आम्हाला पुढे सांगितले. ते त्याचे आहे, मी इथे लिहिणार नाही. फोन लागला नसता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, एवढे पुरे.

त्याची नोकरी गणपतीच्या सुमारासच गेली होती. त्या वर्षी तिकडे पुष्कळांची गेली. आम्ही इथे मंडळात ‘मजेत आहे’ म्हणून सांगत असणार, हे त्याला ठाऊक होते. ते खोटे पडू नये म्हणून तो गप्प राहिला. त्याला झोप येत नसे. तो संगणकापुढे येऊन लपून बसे. आम्हाला टाळायला नव्हे. यादीत आईच्या नावापुढे पिवळा चेहरा दिसला की त्याला थोडे बरे वाटत असे. घरातला संगणक दिवसभर चालू ठेवण्याची तिची सवय मी विजेच्या नावाने नेहमी मोडू बघत होतो. आणि प्रयोगासाठी तो बंद करून कपाटात ठेवला होता, तो मीच. त्या दिवसांत तिकडे त्याला काय दिसत होते, याचा विचार प्रयोगाची रचना करताना माझ्या मनात आला नाही.

आम्ही दोघे सारखेच लाजून लपलो होतो. तो माझ्यापासून, मी देवधर वहिनींपासून. मध्ये ती एकटी तोंड न लपवता खरे बोलत होती आणि तिला मी डॉक्टरकडे नेले.

डॉक्टरांना मी त्याच दुपारी सगळे सांगितले, साइटसह. त्या मला रागावल्या नाहीत. “कधीकधी घरात जो बोलतो, त्यालाच आमच्याकडे आणतात,” एवढे म्हणून त्यांनी निरंजनसाठी तिथल्या कोणाला भेटायचे ते लिहून दिले. निरंजन पुढच्या वर्षी परत आला. अजून महिन्यातून एकदा त्याच बाईंकडे जातो. कोणी विचारले तर आम्ही ‘मनाच्या डॉक्टरकडे’ असेच सांगतो. पहिल्यांदा सांगताना माझी जीभ अडखळली. आता कमी अडखळते.

राहिला मूळ प्रश्न. मोडेमचा आवाज? संगणक कपाटात होता. मुलाच्या दिनक्रमाचा अंदाज? त्याला दिनक्रमच नव्हता. साइट चुकीचे सांगत होती? मग साइट आणि ती, दोघी एकसारख्याच कशा चुकत होत्या? तिने कोणाकडून चोरून माहिती मिळवली? त्याच्या मित्रालाही तो कधी बसतो ते ठाऊक नव्हते. आणि दवाखान्यात तर कसलेच यंत्र तिच्याजवळ नव्हते.

एकदा जेवताना निरंजननेच तिला विचारले, “आई, तू कसं ओळखायचीस? प्लीज, सांग ना.”

“तू लहानपणी कॉटखाली लपायचास,” ती त्याच्या भातावर रसम वाढत म्हणाली, “तेव्हा काय तुझ्या नावापुढे दिवा लागत होता?”

“पण कॉट याच घरात होती गं.”

“पोदुम् डा. जेव.”

हे स्पष्टीकरण नव्हे. ते मी तिला सांगितले नाही. मात्र माझ्याकडे दुसरेही नाही.

म्हणून ज्या घरांतून कोणी दूर गेले आहे, त्यांना विनंती. हे तुम्ही स्वतः तपासून पाहा. घरातल्या ज्या व्यक्तीला असे कळते असे वाटते, तिला यंत्रापासून दूर बसवा, तिचे म्हणणे ऐका आणि लगेच त्या माणसाला फोन करून विचारा, तू आत्ता कुठे होतास, कसा आहेस. उत्तर जुळले तर कळवा. जुळले नाही तर तेही अवश्य कळवा.